पावणेचार फुटांची पट्टी

"साडेचार हजार?" मी विचारले. "पट्टीचे की विमानाचे?"

"विमानाचे," शैलजा म्हणाली. "पट्टी सतराशेचीच आहे, आत्याबाई. इंग्लंडहून इथवर आणायला साडेचार हजार."

"मग तिला खिडकीपाशी जागा देणार असतील."

मृणाल खुदकन हसली. माझी ही नात सातवा महिना लागल्यावर पहिल्या बाळंतपणासाठी पाचगणीला माहेरी आली होती. लॅपटॉप मांडीवर मावेना म्हणून तिने तो जेवणाच्या टेबलावर मांडला होता, आणि तिची आई, म्हणजे माझी सून शैलजा, मटार सोलता सोलता तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होती. मी टेबलाच्या टोकाला, माझ्या खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीत आमच्या घरी अजूनही दुसरे कोणी बसत नाही. ही नऊ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट आहे.

प्रकरण माझ्या विणकामाच्या यंत्राचे होते. यंत्र जपानी, दोनशे सुयांचे. एकोणऐंशी साली माझ्या यजमानांनी ते रीतसर जकात भरून मुंबई बंदरातून सोडवून आणले, तेव्हा ते पाहायला निम्मी पाचगणी आमच्या ओसरीवर जमली होती. इथल्या तीन निवासी शाळांचे स्वेटर मी पंचवीस वर्षे त्याच्यावर विणले. आणि कासुर्ड्यांच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाने बारशाच्या दिवशी मी विणलेले अंगडे आणि टोपडे घातले. अशी अकरा मुले झाली. आता बारावे येणार होते, माझे पहिले पतवंड, आणि मी विणलेल्या अंगड्यावाचून ते पाळण्यात जाणार नव्हते. लिंबाच्या रंगाची मऊ लोकर मी दसऱ्यालाच आणून ठेवली होती.

परंतु शाळांनी गिरणीचे स्वेटर घ्यायला सुरुवात केल्यापासून यंत्र झाकलेले होते. उघडले, तर त्याच्या पोटातल्या पट्टीने दगा दिलेला. ही पट्टी म्हणजे लोखंडाची, बोटभर रुंद आणि पावणेचार फूट लांब अशी पन्हळ. तिच्यात स्पंज बसवलेला असतो आणि तो सगळ्या सुयांना वरून दाबून धरतो. माझ्या पट्टीतल्या स्पंजाचे पीठ झाले होते. वाईहून यंत्रे दुरुस्त करणारे ठोंबरे मास्तर आले. त्यांनी गादीवाल्याकडचा स्पंज बसवून पाहिला. दोन फेऱ्यांत सुया उड्या मारू लागल्या आणि टाके गळून पडले.

"बाई, ही पट्टी आता बादच समजा," ते म्हणाले होते. "नवी पायजे, आन् ती कंपनीची. आपल्याकडं मिळायची न्हाई. परदेशातनं मागवा."

म्हणून हा टेबलावरचा दरबार.

"आजी, एवढं कशाला?" मृणाल म्हणाली. "हातानंच विण ना. माझं टोपडं तू एका रात्रीत विणलं होतंस, मम्मी सांगते."

"हाताच्या विणीला यंत्राची सफाई नसते," मी म्हटले.

मी विषय संपवला की आमच्या घरात तो संपतो. शैलजाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. त्या हिवाळ्यात मटाराची परात तिने एकदाही माझ्यापुढे सरकवली नव्हती. मला ते सोयीचे वाटले होते. कारण विचारावे असे वाटले नव्हते.

"मी विणू का?" तिने दिवाळीत एकदा विचारले होते.

"तुझी वीण सैल," असे मी तेव्हाच सांगून टाकले होते.

यंत्राचा तर प्रश्नच नव्हता. नवी नवरी असताना तिने एकदा हौसेने त्याची कॅरेज, म्हणजे सुयांवरून फिरवायचा मुठीचा भाग, ओढली आणि सात सुया मोडल्या. सुया तेव्हा बोटीने येत असत. 'यंत्राला हात लावायचा नाही,' असे मी बजावले. त्याला एकोणतीस वर्षे झाली; यंत्र चालू होते तोवर शैलजा त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच बसत आली. मी आत भाग विणून द्यावेत आणि तिने बाहेर पाठ, पोट, बाह्या जोडून गुंड्या लावाव्यात. हजारो स्वेटर तिच्या हातून गेले. यंत्र मात्र नाही.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात दुसरे बोलणे नव्हते. ज्या दुकानात पट्टी होती ते दुकान भारतात माल पाठवतच नव्हते. त्यावर मृणालने आधीच एक युक्ती शोधून काढली होती. इंग्लंडातच एक कंपनी होती. तिच्याकडे नाव नोंदवले की ती आपल्याला तिच्या गुदामाचा पत्ता देई. दुकानाने माल तिथे पोहोचवायचा आणि कंपनीने तो पुढे आपल्या घरी धाडायचा.

"बघ आजी, तुझा इंग्लंडचा पत्ता," मृणालने वाचून दाखवले. "द्वारकाबाई कासुर्डे, कपाट क्रमांक अमुक."

कऱ्हाडच्या पलीकडे न गेलेल्या बाईला विलायतेत कपाट मिळाले, हे मालतीबाई पार्ट्यांना सांगितल्यावाचून मला राहवले नाही. मालतीबाई म्हणजे आमच्या शेजारीण. पण साडेचार हजारांचा आकडा त्याच कंपनीचा होता.

"वजन पाव किलोसुद्धा नाही," मी म्हटले.

"वजनावर नाही, आकारावर घेतात," शैलजा म्हणाली. "लांब खोकं विमानात जागा अडवतं ना. इतरांच्या सामानाबरोबर बांधून घेतलं तर स्वस्त पडतं, पण त्यासाठी आपलं आणखी सामान हवं."

"आणखी काय घेऊ? राणीचा मुकुट?"

"बोटीनं मागवलं तर नऊशेत येतं. पण तीन महिने लागतात."

"बाळ बोटीने येणार नाही."

पैसे नव्हते असे नाही. परंतु सतराशेच्या वस्तूला साडेचार हजारांचे भाडे देणाऱ्या बाईला मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आले होते, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या बाईचे नाव द्वारका असावे, हे मला मान्य नव्हते.

मालतीबाईंचे जावई लंडनला असतात. ते जानेवारीत येणार असे कळताच मालतीबाई स्वतःच धावत आल्या. "द्वारकाबाई, काळजी सोडा. आमचे पाहुणे आणतील बॅगेत घालून." जावयांनी तिकडे बॅग मोजली. बॅग अडीच फुटांची निघाली. पट्टी मधोमध वाकवली तर चालेल का, अशी त्यांनी फोनवर पृच्छा केली. मी मालतीबाईंकरवी त्यांना माझे आशीर्वाद कळवले.

"मग असं करा," मालतीबाई म्हणाल्या. "विमानानंच मागवा, पण दुकानदाराला सांगा, खोक्यावर 'भेट' म्हणून लिही आणि किंमत लिही अगदी थोडी. निदान जकात तरी वाचेल. सगळे करतात."

"सगळे करोत. मोल देऊन घेतलेल्या वस्तूला मी भेट म्हणू? पतवंडाच्या पहिल्या अंगड्याची सुरुवात खोट्यापासून?"

मालतीबाई चहा न संपवताच उठल्या. दारापर्यंत पोहोचवायला गेलेली शैलजा परत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू होते. मी ओंजळीत पेला धरून चहा पीत होते. ती माझ्या हातांकडे पाहत उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

संक्रांतीला चार दिवस होते. मी उन्हात बसले होते. शैलजा तिळाची परात तशीच हातात घेऊन बाहेर आली.

"आत्याबाई, आपल्याला पट्टी हवी आहे की पट्टीतला स्पंज?"

"म्हणजे?"

"माझे वडील पोस्टात होते ना मेढ्याला. ते म्हणायचे, लोक पोस्टात वस्तू घेऊन येतात, पण आम्ही वस्तू बघत नाही, आम्ही तिचा आकार आणि वजन बघतो. लोखंड तर बिघडलेलंच नाही आपलं. पीठ झालंय ते स्पंजाचं. लोखंड विलायतेहून कशाला आणायचं? मी रात्री शोधलं. इंग्लंडातल्या एक बाई नुसता स्पंज विकतात, याच यंत्राच्या मापाचा, कापून. तो गुंडाळला की पाकिटात मावतो. साध्या टपालानं पाठवतात. टपाल तीनशे चाळीस."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ठोंबरे मास्तरांना, मृणालला, मला, कोणालाच हे सुचले नव्हते.

"तीन ते पाच आठवडे लागतील," ती म्हणाली. "तारीख वीस फेब्रुवारीची आहे आणि बारसं त्यापुढं बाराव्या दिवशी. बसतं गणित. जुना स्पंज खरवडून नवा चिकटवायचा. जुनी पट्टी आहेच ना आपली?"

मी तिळाच्या परातीकडे पाहिले.

"असेल," मी म्हटले.

पट्टी नव्हती. ठोंबऱ्यांनी बाद ठरवलेली वस्तू मी घरात का ठेवू? नोव्हेंबरात बाळाच्या आंघोळीसाठी तांब्याचे नवे घंगाळ घ्यायचे ठरले, तेव्हा जुनी भांडी, गळकी बादली, पितळी समया असे सगळे जुने सामान मी मोडीत काढले होते. त्यात ती पट्टीही माझ्याच हाताने टाकली होती. पोत्याचे तोंड शैलजाने शिवले, माझ्या मुलाने, दिनकरने, ते गाडीत घातले, आणि वाईच्या दत्तोबा तांबटांच्या दुकानातून त्या मोडीच्या बदल्यात, वर रोख भरून, लखलखीत घंगाळ घरी आले. ते घंगाळ मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते.

हे तेव्हाच बोलायला हवे होते. एका वाक्याचे काम होते. पण निकामी आणि उपयोगी यातला फरक घरातल्या बायकांना मीच शिकवत आले होते. ते वाक्य काही तोंडातून निघेना. शैलजाने त्याच दुपारी मृणालच्या कार्डावरून स्पंज मागवला.

दुसऱ्या दिवशी देवदर्शनाचे निमित्त करून मी एकटी वाईला गेले. ढोल्या गणपतीला हात जोडले आणि थेट दत्तोबांचे दुकान गाठले.

"आक्कासाहेब, तुमची मोड?" दत्तोबा चकित झाले. "ती केव्हाच पुण्याला भट्टीत गेली. का, काही चुकून आलं होतं का? दागिना वगैरे?"

"छे. सहज विचारले."

सहज विचारायला कोणी पसरणीचा घाट उतरून येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. रिकाम्या हाताने दुकानाबाहेर पडणे बरे दिसेना, म्हणून मी एक पितळी पळी घेतली.

"पळी?" शैलजाने घरी विचारले. "आपल्याकडं सहा आहेत."

"आता सात झाल्या."

त्यानंतरचे सहा आठवडे मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. पोस्टमन शिंगटे रोज अकराला फाटकापाशी येत. पूर्वी मी त्यांना ओसरीवरूनच विचारी, 'आमचे काही?' आता मी आत जाऊन बसू लागले. पाकीट वाटेत गहाळ व्हावे, असेही एकदा मनात येऊन गेले. आणि त्या विचाराची लाज वाटून मी त्या दिवशी उपास केला. शैलजा मात्र शांत होती. इतकी शांत, की मला तिचा राग येई.

सतरा फेब्रुवारीला मृणालला मुलगी झाली. गोरी, नकटी, आणि रडताना अगदी माझ्यासारखी भुवई उंचावणारी. माझी पहिली पणती! तिला बघताच मी यंत्र, पट्टी सारे विसरले. ते विसरणे चार दिवस टिकले.

एकवीस तारखेला शिंगट्यांनी हाक मारली. जाड पिवळे पाकीट, वर कस्टमची चिठ्ठी. जे भरायचे होते ते मी भरले आणि पावती घेतली. शैलजाने पाकीट टेबलावर उघडले. आत घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळलेल्या काळ्या स्पंजाच्या दोन वळकट्या होत्या, आणि त्या इंग्रज बाईंच्या हातची एक चिठ्ठी. जुना डिंक कोमट पाण्याने सोडवा, घाई करू नका, बाळाला आशीर्वाद, अशी. शैलजानेच त्यांना बाळाचे कळवले असावे.

"चला," शैलजा म्हणाली. "पट्टी द्या."

मी खुर्चीत ताठ बसले. आता बोलल्यावाचून सुटका नव्हती.

"शैलजा, पट्टी नाही. मी ती मोडीत दिली. वाईला जाऊन आले, ती भट्टीत गेली. चूक माझी आहे."

ती उठून कोठीच्या खोलीत गेली. तांदळाचे पिंप सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेली, लांब, सडपातळ वस्तू होती. तिने ती माझ्यापुढे ठेवली.

माझी पट्टी. आतला स्पंज स्वच्छ खरवडलेला, लोखंडाला तेलाचा हात फिरवलेला.

"पोत्याचं तोंड शिवायच्या आधी काढून घेतली मी," ती म्हणाली.

"नोव्हेंबरात? मग इतके दिवस... मी वाईला गेले तेव्हा तुला ठाऊक होते?"

"पळी आणलीत तेव्हा ओळखलं."

"आणि सहा आठवडे मला भाजत ठेवलेस?"

"हो," शैलजा म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "एकदा तरी तुम्ही मला विचाराल असं वाटलं. 'शैलजा, पट्टी कुठं दिसली का गं?' एवढंच. एकोणतीस वर्षांत तुम्ही मला सांगितलंय पुष्कळ, आत्याबाई. विचारलं काहीच नाही."

आतल्या खोलीत बाळ कुरकुरले आणि पुन्हा निजले.

"मोडीतली वस्तू काढून ठेवावी असे तुला का वाटले?" मी म्हटले. मी तिला विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न असावा.

"तुमच्यासाठी." ती माझ्याशेजारी येऊन बसली. "गणपतीत तुमच्या हातून सुया गळून पडल्या, मी पाहिलं. तीनदा उचलल्यात. मग ते विणकाम गुंडाळून ठेवलंत आणि यंत्र उघडायला सांगितलंत. तेव्हाच कळलं, हातानं विणणं आता व्हायचं नाही. राहिलं यंत्र. मग त्याची पट्टी मोडीत कशी जाऊ देऊ?"

मी माझे हात पदराखाली घेतले. ती बोटे मी वर्षभर सगळ्यांपासून लपवली होती. सकाळी त्यांची मूठ वळत नसे. मटार, गुंड्या, सुई-दोरा, एकेक करून सारे मी घरातल्या घरात, कोणाला कळू न देता सोडून दिले होते. म्हणजे तसे मला वाटत होते.

"हाताच्या विणीला सफाई नसते म्हणालात मृणालला," शैलजा म्हणाली. "पार्सलवर खोटं लिहिलेलं तुम्हाला चालत नाही. मालतीबाईंचा चहा राहिला त्यापायी. आणि बोटांचं खोटं चालतं?"

असे मला कोणी बोलले नव्हते. माझ्या सासूबाईही नाहीत. मी रागवायला तोंड उघडले, आणि काय झाले कोण जाणे, मला हसू आले. मग तिलाही आले. आम्ही दोघी डोळे पुसत इतक्या हसलो, की दिनकर बाहेरून विचारत आला, कोण आलंय?

दुसऱ्या दिवशी तिने नवा स्पंज बसवला. पट्टी यंत्रात सरकवली तेव्हा सुया अशा गच्च बसल्या, जशा एकोणऐंशी साली होत्या. मी कॅरेजला हात घातला. मूठ वळेना. अर्ध्या फेरीत मनगटातून कळ गेली आणि कॅरेज तिथेच अडकली. शैलजा सवयीने उंबऱ्याबाहेरच उभी होती.

मी खुर्चीवरून उठले.

"शैलजा," मी म्हटले, "विणशील का?"

ती आत आली. बसली. कॅरेजवर हात ठेवून तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी मान हलवल्यावर ती अशी चालवली, जणू रोजच चालवत होती. उंबऱ्यापलीकडून तिने इतकी वर्षे नुसते स्वेटर जोडले नव्हते.

"गळ्याशी टाके कमी कर," मी म्हटले.

"करतेय."

"एकदम चार नको."

"दोनच करतेय, आत्याबाई. तुम्ही बसा."

मी उंबऱ्याबाहेर, तिच्या जागेवर बसले. तिथून यंत्र फार चांगले दिसते, हे मला तोवर माहीत नव्हते.

बारशाला राही, माझी पणती, लिंबाच्या रंगाचे अंगडे आणि टोपडे घालून पाळण्यात गेली. मालतीबाईंनी बाही उलटून वीण तपासली आणि म्हणाल्या, "द्वारकाबाई, हात मात्र तोच हं तुमचा."

"माझा नाही," मी सर्वांदेखत सांगितले. "शैलजाचा."

पाकिटात दोन स्पंज कसे आले, ते मी तिला त्याच रात्री विचारले. मला आता विचारायची गोडी लागली होती.

"टपाल दोन्हींना तेवढंच पडत होतं," ती म्हणाली. "एक आत्ताचा. एक आठ-दहा वर्षांनी लागेलच."

"तेव्हा मी असेन का?"

"तुम्ही नसलात तर 'असं नाही, तसं कर' असं कोण सांगणार?"

दुसरी वळकटी नऊ वर्षे माझ्या कपाटात, डांबरगोळ्यांपासून लांब, पाकिटातच होती. गेल्या आठवड्यात शैलजा माझ्या खोलीत आली. मृणालचे दुसरे बाळ आता थंडीत येणार आहे, आणि राहीने भावंडाच्या अंगड्यासाठी रंगही निवडून ठेवला आहे.

"आत्याबाई, स्पंज बसला. टाके गळायला लागलेत. दुसरा काढू का?"

"यंत्र तुझे आहे," मी म्हटले. "मला काय विचारतेस?"

तिने कपाट उघडले, पाकीट काढले आणि माझ्या वळत नसलेल्या मुठीत हलकेच ठेवले.

"विचारलेलं बरं असतं," ती म्हणाली.